सहा पिना आणि पन्नास अँपियर: छोट्या कॅबिनेटमधला प्लग का वितळतो?

मागच्या मे महिन्यात आमच्या लॅबमधल्या एका मशीनजवळ प्लास्टिक जळाल्यासारखा वास यायला लागला. मशीन चालू होतं, सिम्युलेशन व्यवस्थित चाललं होतं, स्क्रीनवर कुठलीच चूक दिसत नव्हती. मशीन बंद करून झाकण उघडलं आणि ग्राफिक्स कार्डाचा पॉवरचा प्लग ओढून काढला. त्याचं एक टोक तपकिरी झालं होतं आणि दोन पिनांच्या भोवतीचं प्लास्टिक मऊ पडून वाकलं होतं.

ते मशीन आमच्या एका एम.टेक.च्या ज्युनियरने जोडलं होतं. टेबलाखाली जागा नव्हती म्हणून मुद्दाम छोटं, दहा लिटरच्या आसपासचं कॅबिनेट घेतलं होतं. पहिलं वाक्य माझ्याच तोंडून निघालं: "अरे, प्लग नीट बसवला नव्हतास का?" तो बिचारा गप्प बसला. "बसवला होता" असं म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? प्लग तर मी आधीच ओढून काढला होता.

आजचा लेख या प्रश्नावर आहे. प्लग वितळला की दोष कुणाचा, याचं उत्तर आपण फार पटकन देतो. पण साध्या ओहमच्या नियमाने हिशोब मांडला तर चित्र वेगळं दिसतं. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हा हिशोब कागद-पेन घेऊन माझ्याबरोबर करा. बारावीच्या फिजिक्सपलीकडचं काही लागणार नाही.

आधी गीझरपासून सुरुवात करू

घरातला 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर चालतो. 2000 भागिले 230 म्हणजे साधारण 8.7 अँपियर. एवढ्या करंटसाठी आपण मोबाइलच्या चार्जरचं सॉकेट वापरत नाही. जाड पिनांचा 16 अँपियरचा प्लग लावतो, त्याला वेगळी जाड वायर ओढतो. आणि तरीही सॉकेट सैल झालं की तो प्लग काळवंडतो, हे बहुतेक घरांत कुणी ना कुणी पाहिलेलं असतं.

आता ग्राफिक्स कार्ड बघा. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून कार्डाला 12 व्होल्ट मिळतात. 600 वॅट हवे असतील तर 600 भागिले 12, म्हणजे 50 अँपियर. नव्या पद्धतीच्या प्लगमध्ये हे 50 अँपियर सहा पिनांमधून जातात आणि दुसऱ्या सहा पिनांमधून परत येतात. प्रत्येक पिनेच्या वाट्याला 8.33 अँपियर. म्हणजे एक एक बारीक पीन जवळजवळ एका गीझरचा करंट वाहते, आणि अशा बारा पिना एकमेकींपासून फक्त 3 मिलिमीटर अंतरावर आहेत.

व्होल्टेज कमी म्हणून शॉक बसणार नाही, हे खरं. पण जोडावर किती उष्णता तयार होणार ते व्होल्टेजवरून ठरत नाही. ते करंटचा वर्ग गुणिले रोध यावरून ठरतं. धोका आहे तो करंटमध्ये.

प्लग लहान का केला?

जुनी पद्धत 8 पिनांच्या प्लगची. त्याला 150 वॅटची मर्यादा ठरलेली आहे. 600 वॅट हवे असतील तर असे चार प्लग लागतात. ते शेजारी शेजारी लावले तर कार्डाच्या कडेची सुमारे सात सेंटिमीटर जागा जाते, आणि 32 तारांचा गुंता कॅबिनेटमध्ये कोंबावा लागतो. छोट्या कॅबिनेटमध्ये तो कोंबायला जागाच नसते.

म्हणून 12 व्हीएचपीडब्ल्यूआर नावाचा नवा प्लग आला. बारा पॉवरच्या पिना आणि वर चार बारीक संदेशाच्या पिना. आकाराने हा जवळजवळ एका जुन्या 8 पिनांच्या प्लगएवढाच, पण काम चार प्लगांचं. जागेच्या दृष्टीने सुंदर सोय. प्रश्न असा की ही जागा वाचवताना आपण दुसरं काय खर्च केलं?

हिशोब करू. जुन्या प्लगमध्ये 12 व्होल्टच्या तीन पिना. 150 वॅट म्हणजे 12.5 अँपियर, प्रत्येक पिनेला 4.17. चांगल्या प्रतीची पीन 8 अँपियर सहज पेलते असं धरलं, तर तो प्लग खरं तर 288 वॅट देऊ शकतो. म्हणजे कागदावरच्या मर्यादेच्या 1.9 पट.

नव्या प्लगची पीन 9.2 अँपियरची. सहा पिना मिळून 55.2 अँपियर, म्हणजे 662 वॅट. कागदावरची मर्यादा 600. इथे गुणोत्तर 1.1.

1.9 आणि 1.1 हे नुसते आकडे वाटतात, म्हणून असा विचार करा. समजा, जुन्या प्लगमधल्या तीनपैकी एका पिनेने पूर्ण दगा दिला. उरलेल्या दोघींवर 6.25 अँपियर येतील. 8 च्या आतच आहे, चालून जाईल. आता नव्या प्लगमधल्या सहापैकी एका पिनेने दगा दिला. उरलेल्या पाच जणींवर प्रत्येकी 10 अँपियर. 9.2 ची मर्यादा तिथेच ओलांडली.

जुना प्लग एक चूक पोटात घालतो. नवा प्लग पूर्ण क्षमतेने चालत असेल तर एकही चूक पोटात घालत नाही. वाचवलेल्या जागेची किंमत ही आहे.

कॅबिनेट लहान झालं की काय बदलतं?

प्लग तोच असला तरी मोठ्या आणि छोट्या कॅबिनेटमध्ये त्याची परिस्थिती सारखी नसते. तीन गोष्टी बदलतात.

पहिली, वाकलेली वायर. ही केबल प्लगपासून निदान 35 मिलिमीटर सरळ ठेवावी आणि मगच वाकवावी, अशी सूचना केबल बनवणारे देतात. आता मोजून बघा. आरटीएक्स 4090 चं एन्व्हिडियाचं स्वतःचं कार्ड 137 मिलिमीटर उंच आहे. त्यात 35 मिळवले की ढोबळमानाने 172 झाले, आणि वळणाला लागणारी जागा वेगळीच. छोट्या कॅबिनेटमध्ये एवढी जागा क्वचित असते. मग साइड पॅनेल लावताना आपण तळहाताने दाबतो, वायर मुडपते, आणि तो ताण थेट पिनांवर जातो. एका बाजूच्या पिना किंचित ओढल्या जातात, दुसऱ्या बाजूच्या किंचित दाबल्या जातात.

दुसरी, आतली हवा. पिनेचं 9.2 अँपियरचं रेटिंग सांगताना एक अट असते: भोवतालच्या हवेपेक्षा तापमान 30 अंशांहून जास्त वाढता कामा नये. भोवताली 25 अंश असतील तर पीन 55 वर थांबेल. पण विदर्भातल्या मे महिन्यात, एसी बंद असलेल्या खोलीत, बंदिस्त कॅबिनेटमध्ये, कार्डाच्या गरम झोताशेजारी हवाच 55 अंशांची असेल तर तीच पीन 85 वर जाईल. रेटिंग तेच राहिलं, सुरुवात मात्र वरून झाली.

तिसरी, एसएमपीएसचा आकार. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस 150 बाय 86 बाय 140 मिलिमीटर, म्हणजे 1.8 लिटर. छोट्या कॅबिनेटमधला एसएफएक्स 125 बाय 63.5 बाय 100, म्हणजे 0.8 लिटर. निम्म्याहून कमी. त्यामुळे केबलचं दुसरं टोकही तितक्याच दाटीवाटीत बसतं, आणि छोट्या कॅबिनेटमध्ये काहीही बदलायचं झालं की आधी हीच केबल काढावी लागते. या प्लगला काढ-घाल करण्याची मर्यादा 30 वेळांची आहे. लॅबमध्ये दर आठवड्याला कार्ड बदलणारे आपण सात-आठ महिन्यांत ती गाठतो.

पिनेच्या आत काय चालतं?

दोन धातूचे पृष्ठभाग एकमेकांना टेकले की आपल्याला वाटतं, सगळीकडे टेकले. तसं नसतं. कितीही गुळगुळीत केलं तरी सूक्ष्म पातळीवर दोन्हीकडे डोंगर-दऱ्या असतात. खरा संपर्क होतो तो काही मोजक्या शिखरांवर. सगळा करंट त्या चिमुकल्या ठिपक्यांमधून दाटीने जातो आणि त्यामुळे जोडाला स्वतःचा रोध येतो. रॅगनार होल्म या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या विषयाचा पाया घातला. पिनेतल्या स्प्रिंगचा दाब जास्त तर ठिपके मोठे आणि रोध कमी. दाब कमी झाला, पीन तिरकी झाली, पृष्ठभागावर मळ आला की ठिपके आकसतात आणि रोध वाढतो.

आता खरी गंमत. सहा पिना समांतर जोडणीत आहेत. समांतर जोडणीत करंट समान वाटला जातो का? नाही. ज्याचा रोध कमी, त्याच्याकडे करंट जास्त. "प्रत्येक पिनेला 8.33 अँपियर" हे वाक्य आपण वर किती सहज लिहिलं, आठवतंय? ते मोजलेलं नव्हतं. ते गृहीत धरलेलं होतं.

एक उदाहरण सोडवू. आकडे मी हिशोबासाठी निवडलेत, पण वास्तवाला धरून आहेत. सोपं जावं म्हणून फक्त जाणाऱ्या सहा तारा घेऊ. 16 गेजची तांब्याची तार 60 सेंटिमीटर लांब असेल तर तिचा रोध साधारण 8 मिलीओहम. दोन टोकांचे चांगले जोड प्रत्येकी 2 मिलीओहम. एका मार्गाचा एकूण रोध 12 मिलीओहम. सगळे मार्ग सारखे असले तर प्रत्येकातून 8.33 अँपियर जातील आणि 0.1 व्होल्ट खर्च होईल.

आता समजा, ताण आणि सततची काढ-घाल यांमुळे पाच मार्गांमधला एक एक जोड खराब झाला आणि त्या मार्गांचा रोध 60 मिलीओहम झाला. सहावा मार्ग मात्र उत्तम, 12 मिलीओहमवरच. करंट कसा वाटला जाईल? चांगला मार्ग प्रत्येक वाईट मार्गाच्या पाचपट करंट घेईल, म्हणजे एकटा पाच मार्गांएवढा. 50 पैकी 25 अँपियर त्या एकट्यातून, आणि बाकी पाच जणींतून प्रत्येकी 5.

थांबा, इथे नीट बघा. जी पीन उत्तम बसली आहे, तिच्यावरच तिप्पट करंट आला. तिप्पट करंट म्हणजे नऊपट उष्णता. त्या तारेत आधी अर्ध्या वॅटच्या आसपास उष्णता होत होती, आता 5 वॅट. आणि ही तार इतर तारांच्या गर्दीत, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात अडकलेली. म्हणून जळालेली पीन बघून "हीच सैल होती" असं म्हणणं चूक ठरू शकतं. कदाचित तीच एकटी घट्ट होती आणि बाकीच्यांचं ओझं वाहत होती.

मग कुणालाच कळत कसं नाही?

याच उदाहरणात कार्डाला किती व्होल्ट मिळतात ते काढा. आधी 0.1 व्होल्ट खर्च होत होता, आता 25 गुणिले 0.012 म्हणजे 0.3. कार्डाला 11.9 ऐवजी 11.7 व्होल्ट मिळाले. 12 व्होल्टला पाच टक्के सूट धरली तर 11.4 पर्यंत सगळं ठीक मानलं जातं. म्हणजे कार्डाच्या नजरेत काहीच बिघडलेलं नाही.

एसएमपीएसच्या नजरेत? तो एकूण करंट बघतो. एकूण 50 आधीही होता, आताही 50 आहे. संरक्षण यंत्रणा जागी व्हावी असं काहीच घडलेलं नाही. आमच्या मशीनवर सिम्युलेशन का थांबलं नाही, ते आता लक्षात आलं असेल.

पूर्वी असं नव्हतं. आरटीएक्स 3090 टीआय या कार्डात 12 पिनांच्या प्लगमधल्या तारांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीचा करंट वेगळा मोजण्याची सोय होती, त्यामुळे कार्ड भार वाटून घेऊ शकत होतं. 4090 च्या पिढीत एन्व्हिडियाच्या मांडणीत सहाही पिना कार्डावर पोहोचताच एकत्र जोडल्या गेल्या. जागा आणि सुटे भाग वाचले, पण कुठल्या तारेतून किती जातंय हे बघणारा डोळा गेला.

"नीट बसवला नव्हता" या वाक्याचा इतिहास

4090 ऑक्टोबर 2022 मध्ये बाजारात आलं आणि त्याच महिन्यात वितळलेल्या प्लगचे फोटो येऊ लागले. नोव्हेंबरमध्ये एन्व्हिडियाने सांगितलं की जगभरात सुमारे 50 तक्रारी आहेत आणि प्लग पूर्ण बसलेला नसणं ही त्यांत वारंवार आढळलेली अडचण आहे. हे निरीक्षण खोटं नव्हतं. अर्धवट बसलेला प्लग तापतो, हे कुणीही करून बघू शकतं.

2023 मध्ये प्लगची सुधारित आवृत्ती आली, 12 व्ही-2 बाय 6 या नावाने. कार्डाच्या बाजूच्या संदेशाच्या पिना आखूड केल्या आणि पॉवरच्या पिना किंचित लांब. आता प्लग पूर्ण आत गेल्याशिवाय संदेशाच्या पिना टेकत नाहीत आणि कार्ड जास्त पॉवर ओढत नाही. चांगली सुधारणा. पण ती एकाच प्रश्नाचं उत्तर देते: प्लग आत गेला का? सहा पिनांमध्ये वाटणी कशी झाली, हे तिला कळत नाही.

मधल्या काळात छोट्या कॅबिनेटवाल्यांनी आपला मार्ग शोधला होता. केबल मुडपू नये म्हणून काटकोनात वळलेले अडॅप्टर आले. कल्पना अगदी तर्काला धरून. पण अडॅप्टर म्हणजे मार्गात आणखी एक जोड. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने अशा एका बनावटीचे सुमारे 25,300 अडॅप्टर परत मागवल्याचं जाहीर केलं. ते सैल होऊन तापल्याच्या, वितळल्याच्या 272 तक्रारी आल्या होत्या.

मग जानेवारी 2025 मध्ये 575 वॅटचं आरटीएक्स 5090 आलं, सुधारित प्लगसह. पुढच्याच महिन्यात डेरबाउअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन तज्ज्ञाने क्लॅम्प मीटर लावून एकेक तार मोजली. एका तारेत 20 अँपियरहून जास्त करंट होता. म्हणजे आपण वर कागदावर केलं, तेच प्रत्यक्षात.

तुमच्याकडे असं मशीन असेल तर

सगळ्यात स्वस्त उपाय पॉवर लिमिट कमी करण्याचा. कार्डाची पॉवर 30 टक्क्यांनी कमी केली तर करंटही 30 टक्क्यांनी कमी होतो, आणि जोडावरची उष्णता वर्गाच्या नियमाने जवळजवळ निम्म्यावर येते. वेग मात्र निम्मा होत नाही, बऱ्याच कामांत थोडाच कमी होतो. रात्रभर चालणाऱ्या कामासाठी हा सौदा मला मान्य आहे.

कॅबिनेट घेताना कार्ड मावतं का एवढंच बघू नका, कार्ड अधिक केबलचं वळण मावतं का ते बघा. प्लग खटका ऐकू येईपर्यंत दाबा आणि दोन्ही टोकांना दाबा. प्रत्येक काढ-घालीची नोंद ठेवा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लॅबमध्ये असेल तर काम चालू असताना एकेक तार मोजा. फक्त एसी मोजणारा मीटर इथे उपयोगाचा नाही. आणि एसएमपीएस कधीही उघडू नका, आत मेन्सचं व्होल्टेज असतं.

मोठा उपाय व्होल्टेज वाढवण्याचा. 48 व्होल्टवर 600 वॅटसाठी फक्त 12.5 अँपियर लागतात. करंट चौथा भाग, उष्णता सोळावा भाग. डेटा सेंटरमध्ये ही वाट धरली गेली आहे. गूगलने 2016 मध्ये ओपन कम्प्यूट प्रोजेक्टमध्ये 48 व्होल्टची रॅक मांडली होती. घरच्या कॉम्प्युटरला मात्र एसएमपीएसपासून मदरबोर्डपर्यंत सगळं 12 व्होल्टचं असल्यामुळे ते एकदम जमत नाही.

संशोधनाच्या तयारीत याचा काय उपयोग?

तुम्ही लवकरच कुठल्यातरी डेटाशीटमधला आकडा उचलून आपल्या कामात वापराल. तेव्हा तो आकडा कुठल्या अटीवर खरा आहे, ते शोधा. इथे 9.2 अँपियरमागे दोन अटी होत्या: भोवतालचं तापमान आणि समान वाटणी. छोट्या कॅबिनेटमध्ये दोन्ही डळमळीत होतात.

दुसरं, तुम्ही जे मोजताय तेच बिघडतंय का, हे विचारा. एसएमपीएस एकूण करंट मोजत होता आणि बिघाड वाटणीत होता. माझ्या स्वतःच्या पीएच.डी.च्या कामातही पहिलं दीड वर्ष मी सरासरी मोजत होतो आणि बिघाड टोकाच्या आकड्यांत होता. त्यामुळे हे जरा मनापासून सांगतोय.

तिसरं, "माणसाची चूक" या उत्तरापाशी थांबू नका. माणूस चुकतो हे धरूनच मार्जिन ठेवलेलं असतं. मार्जिन 1.9 वरून 1.1 वर आणायचं आणि मग चुकणाऱ्याकडे बोट दाखवायचं, यात अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

आमच्या त्या प्लगचं म्हणाल तर मी पुरावा स्वतःच्या हाताने घालवला. ओढून काढण्याआधी फोटो काढला असता, प्लग आणि कार्ड यांच्यात फट होती का ते बघितलं असतं, केबल पॅनेलला कुठे टेकत होती याची खूण केली असती, तर आज काहीतरी सांगता आलं असतं. त्या दोन तपकिरी पिना सैल होत्या की बाकीच्यांचं ओझं वाहत होत्या, हे आता ठरणार नाही. ज्युनियरला मात्र मी हा सगळा हिशोब फळ्यावर मांडून दाखवला आणि माझं पहिलं वाक्य मागे घेतलं. तो हसला आणि म्हणाला, "सर, पुढच्या वेळी आधी फोटो." आता लॅबच्या दारावर तशी चिठ्ठीच लावली आहे.